करचुकवेगिरी आणि पक्षसंलग्नता : अमेरिकेतील अनुभवाचे एक विवेचन

प्रस्तावना :

कर भरणे हे नागरिकाचे कायदेशीर कर्तव्य होय, हे लोकवित्ताच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात प्रारंभीच सांगितलेले असते. परंतु हेच कर्तव्य काही लोक का पाळतात आणि काही का टाळतात, या प्रश्नापाशी आल्यावर बहुतेक पाठ्यपुस्तके आखडती होतात. कराचा दर वाढला की चुकवेगिरी वाढते, दंड वाढला की ती घटते, असे दोन-तीन ठोकताळे देऊन प्रकरण संपविले जाते. पदव्युत्तर वर्गात हा भाग शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न प्रस्तुत लेखाचे निमित्त ठरला. "सर, कर बुडविणारे लोक कोणत्या पक्षाचे जास्त असतात?" असे त्याने विचारले आणि वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या दिवशी प्रस्तुत लेखकाने दिलेले उत्तर मोघम होते, हे येथे मान्य केलेले बरे.

अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात हाच प्रश्न अनेक वर्षे गंभीरपणे, आणि बहुधा रागाने, विचारला जात आहे. तेथील एका बाजूचे म्हणणे असे की, ज्या रिपब्लिकन पक्षाचा करांनाच विरोध आहे त्याचे अनुयायी ते प्रामाणिकपणे भरतील हे संभवत नाही. दुसरी बाजू म्हणते की, डेमोक्रॅटिक पक्षाचे लोक इतरांवर कर लादण्यात पुढे असतात, स्वतःची वेळ आली की मागे सरतात. दोन्ही आरोपांच्या पुष्टीसाठी नावे व प्रसंग सहज सापडतात. त्यामुळे वाद मिटत नाही. उलट 'समोरचे लोक भरत नाहीत, मग आम्हीच का भरावे' ही भावना दोन्ही बाजूंना बळावते. करव्यवस्था अखेर नागरिकांच्या स्वयंघोषणेवर उभी असल्याने ही भावना राज्याच्या तिजोरीला प्रत्यक्ष कर्जाइतकीच महाग पडू शकते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : माणूस कर चुकवितो की नाही हे प्रथमतः त्याला चुकविण्याची संधी आहे की नाही यावर ठरते, त्याच्या पक्षावर नव्हे. मात्र जेथे संधी आहे तेथे सत्तेवर आपल्या पक्षाचे सरकार आहे की विरोधी पक्षाचे, याचा त्याच्या प्रामाणिकपणावर परिणाम होतो. म्हणजे पक्षसंलग्नतेचा करचुकवेगिरीशी संबंध आहे, परंतु तो वादविवादात गृहीत धरला जातो त्या प्रकारचा नाही.

विवेचनासाठी अमेरिकेची निवड करण्याचे कारण व्यावहारिक आहे. आपल्याकडे मतदारयादीत मतदाराच्या नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत मतदार नोंदणी करतानाच पक्ष नोंदविता येतो, मतमोजणीचे आकडे कौंटीनिहाय उपलब्ध असतात आणि तेथील इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस (यापुढे 'महसूल सेवा') करतुटीचे अंदाज नियमितपणे प्रसिद्ध करीत आली आहे.

संज्ञांविषयी :

करचुकवेगिरी आणि करटाळणी यांत भेद करणे आवश्यक आहे. उत्पन्न दडविणे, खोट्या वजावटी दाखविणे, विवरणपत्रच न भरणे ही चुकवेगिरी होय व ती बेकायदेशीर आहे. कायद्याने दिलेल्या सवलतींचा पुरेपूर लाभ घेऊन कर कमी करणे ही टाळणी होय. ती नैतिकदृष्ट्या कितीही खटकली तरी गुन्हा ठरत नाही. राजकीय चर्चेत हा भेद पहिल्यांदा बळी पडतो. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ व २०१७ या दोन वर्षांसाठी प्रत्येकी केवळ ७५० डॉलर संघीय प्राप्तिकर भरल्याचे वृत्त 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२० मध्ये दिले, तेव्हा अनेकांनी त्यास करचोरी म्हटले. परंतु मागील वर्षांचा तोटा पुढे ओढून कर कमी करणे अमेरिकी कायद्यात बसते. केवळ रक्कम लहान आहे यावरून चोरी सिद्ध होत नाही. याउलट त्यांच्याच उद्योगसमूहातील दोन कंपन्या डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात करविषयक फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या. अधिकाऱ्यांना घर, मोटार अशा सुविधा हिशेबात न दाखविता दिल्याचे ते प्रकरण होते आणि जानेवारी २०२३ मध्ये १६ लाख डॉलरचा दंड झाला. त्या खटल्यात ट्रम्प स्वतः आरोपी नव्हते. एकाच नावाभोवतीच्या या दोन घटनांपैकी दुसरीच प्रस्तुत लेखाच्या विषयात येते.

नावांच्या यादीने काय सिद्ध होते? :

पक्ष आणि करचुकवेगिरी यांचा संबंध दाखविण्याची सर्वांत लोकप्रिय रीत म्हणजे सापडलेल्या पुढाऱ्यांची यादी करणे. ही यादी करून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यातून एक वेगळीच गोष्ट हाती लागते.

रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू यांनी १० ऑक्टोबर १९७३ रोजी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी १९६७ या वर्षाच्या करचुकवेगिरीच्या आरोपाला न्यायालयात विरोध न करण्याची भूमिका घेतली. त्यांना १०,००० डॉलर दंड व तीन वर्षांची परिवीक्षा झाली. त्यांचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी उपाध्यक्षपदाच्या काळातील आपली कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागारास दान दिल्याचे दाखवून मोठी वजावट घेतली होती. अशा दानावरील सवलत कायद्याने २५ जुलै १९६९ नंतर बंद झाली असल्याने दानपत्रावर मागची तारीख घालण्यात आली होती. १९७४ मध्ये संसदेच्या संयुक्त समितीच्या कर्मचाऱ्यांनी व्याजासह सुमारे ४,७६,००० डॉलरची बाकी काढली. पुढे कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन प्रतिनिधी रँडी कनिंगहॅम यांनी नोव्हेंबर २००५ मध्ये लाचखोरीचा कट व करचुकवेगिरी यांची कबुली दिली आणि त्यांना आठ वर्षे चार महिन्यांची शिक्षा झाली.

डेमोक्रॅटिक पक्षाची यादीही लहान नाही. ओहायोचे प्रतिनिधी जेम्स ट्रॅफिकंट २००२ मध्ये लाच, करचुकवेगिरी इत्यादी आरोपांवर दोषी ठरले व २४ जुलै २००२ रोजी प्रतिनिधिगृहाने ४२० विरुद्ध १ मतांनी त्यांची हकालपट्टी केली. २००९ च्या प्रारंभी बराक ओबामा यांच्या मंत्रिमंडळासाठी सुचविलेले टॉम डॅशल यांनी थकलेला कर व व्याज मिळून सुमारे १,४०,००० डॉलर भरल्याचे उघड होऊन त्यांना माघार घ्यावी लागली. अर्थमंत्री म्हणून नामनिर्देशित झालेले टिमथी गाइटनर यांनीही २००१ ते २००४ या वर्षांचा सुमारे ३४,००० डॉलरचा कर उशिरा भरला होता. सिनेटने ६० विरुद्ध ३४ मतांनी त्यांची नियुक्ती मान्य केली. महसूल सेवा ज्या खात्याच्या अखत्यारीत येते त्याच खात्याचे ते मंत्री झाले. करविषयक कायदे तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद भूषविलेले चार्ल्स रँगल यांच्यावर तर डोमिनिकन प्रजासत्ताकातील आपल्या बंगल्याचे भाडे विवरणपत्रात न दाखविल्याचा ठपका इतर बाबींसह आला आणि २ डिसेंबर २०१० रोजी सभागृहाने ३३३ विरुद्ध ७९ मतांनी त्यांची निर्भर्त्सना केली.

या यादीवरून कोणता पक्ष अधिक दोषी, हे ठरविता येत नाही. ज्यांची छाननी होते तेच सापडतात. मंत्रिपदासाठी नाव सुचविले गेले नसते तर डॅशल यांची विवरणपत्रे कोणी उघडून पाहिली नसती. शिवाय पक्षाचे पुढारी म्हणजे पक्षाचे मतदार नव्हेत. दहा-वीस नावांवरून कोट्यवधी करदात्यांविषयी अनुमान काढणे संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यातच निषिद्ध ठरते.

परंतु यादीतील रकमा कोठून आल्या हे पाहावे. गाइटनर यांचे उत्पन्न आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील नोकरीचे होते. ही आंतरराष्ट्रीय संस्था असल्याने ती सामाजिक सुरक्षेचा कर वेतनातून कापून घेत नाही. अमेरिकी कर्मचाऱ्याने तो स्वतः हिशेब करून भरावयाचा असतो. डॅशल यांची मुख्य बाकी मित्राने वापरावयास दिलेल्या मोटारीची व चालकाची होती. रँगल यांचे भाडे परदेशात जमा होत होते. अॅग्न्यू, कनिंगहॅम व ट्रॅफिकंट यांची प्राप्ती तर लाचेची, म्हणजे कोणीही पावती न देणारी. पक्ष भिन्न, काळ भिन्न, रक्कम भिन्न. समान एवढेच की, प्रत्येक ठिकाणी कर आधी कापणारा किंवा महसूल सेवेला परस्पर कळविणारा तिसरा कोणी नव्हता. यांपैकी एकाचाही कर मासिक वेतनातून कापल्या जाणाऱ्या भागात बुडालेला नाही.

संधीचे अर्थशास्त्र :

मायकेल अलिंगहॅम व आग्नार सँडमो यांनी १९७२ मध्ये करचुकवेगिरीचे जे प्रतिमान मांडले त्यात करदाता एखाद्या जुगाऱ्याप्रमाणे विचार करतो. वाचणारा कर एका पारड्यात, पकडले जाण्याची संभाव्यता व दंड दुसऱ्या पारड्यात. हे प्रतिमान दीर्घकाळ टीकेचा विषय राहिले. तपासणीचे प्रमाण इतके कमी असते की, या गणिताप्रमाणे जवळजवळ सर्वांनीच कर बुडवावयास हवा, प्रत्यक्षात तसे होत नाही, असा तो आक्षेप होता.

आक्षेपाचे बरेचसे उत्तर महसूल सेवेच्याच आकड्यांत आहे. २०१४ ते २०१६ या करवर्षांसाठीच्या तिच्या अंदाजानुसार, ज्या उत्पन्नातून कर आधीच कापला जातो व ज्याची माहिती देणारा महसूल सेवेलाही कळवितो, अशा वेतनासारख्या उत्पन्नात दडविण्याचे प्रमाण अवघे १ टक्का होते. कपात नाही पण माहिती पूर्णपणे कळविली जाते, अशा व्याज-लाभांशासारख्या उत्पन्नात ते ६ टक्के होते. माहिती काही अंशीच कळविली जाते तेथे १५ टक्के. आणि जेथे कपातही नाही, माहितीही जवळजवळ नाही, अशा छोट्या व्यवसायाच्या किंवा शेतीच्या उत्पन्नात ५५ टक्के. २०२२ या करवर्षासाठी एकूण करतूट ६९६ अब्ज डॉलर असावी असा महसूल सेवेचा अंदाज आहे आणि तिचा मोठा हिस्सा याच शेवटच्या गटातून येतो.

१ आणि ५५ या आकड्यांमधील अंतर माणसांच्या स्वभावातील नाही. पगारदार मनुष्य सायंकाळी घरी शिकवणी घेऊ लागला की, त्याच घरात, त्याच संस्कारांसह तो पहिल्या गटातून चौथ्या गटात जातो. येथे थोडे विषयांतर करून म्हणावेसे वाटते की, आपणा प्राध्यापकांना आपल्या करविषयक सचोटीचा जो अभिमान असतो त्यातील किती वाटा आपला व किती उगमस्थानी कर कापणाऱ्या लेखा विभागाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. डेन्मार्कमध्ये सुमारे ४०,००० करदात्यांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही हेच दिसून आले. तिसऱ्या पक्षाकडून कळविल्या जाणाऱ्या उत्पन्नात चुकवेगिरी जवळजवळ शून्य, स्वतः घोषित करावयाच्या उत्पन्नात भरपूर.

संधीचा परिणाम किती तात्काळ होतो याचे एक उदाहरण अमेरिकी करप्रशासनात नेहमी सांगितले जाते. १९८६ च्या करसुधारणा कायद्यान्वये विवरणपत्रात अवलंबित मुलांचा सामाजिक सुरक्षा क्रमांक लिहिणे पाच वर्षे व त्यावरील मुलांसाठी सक्तीचे झाले. तोवर मुलांची नावे लिहिली की वजावट मिळत असे. १९८७ च्या विवरणपत्रांत देशभरातील सुमारे ७० लाख अवलंबित एकाएकी दिसेनासे झाले. ही ७० लाख बालके केवळ रिपब्लिकन किंवा केवळ डेमोक्रॅटिक घरांत वाढत होती असे कोणी म्हणणार नाही!

यावरून वर्गातील त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. समजा, एखाद्या सर्वेक्षणात एका पक्षाचे मतदार कर अधिक चुकवितात असे आढळले. अमेरिकेत शेतकरी, ठेकेदार, छोटे व्यावसायिक यांच्यात रिपब्लिकन पक्षाचा पाठिंबा तुलनेने अधिक आहे, तर शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यात डेमोक्रॅटिक पक्षाचा. पहिल्यांना संधी आहे, दुसऱ्यांना नाही. अशा स्थितीत पक्ष व चुकवेगिरी यांत दिसणारा सहसंबंध हा प्रत्यक्षात व्यवसाय व चुकवेगिरी यांतील सहसंबंध असू शकतो. पक्षाचा स्वतंत्र परिणाम शोधावयाचा तर व्यवसाय तोच ठेवून पक्षाची स्थिती बदलली पाहिजे. प्रयोगशाळेबाहेर हे कसे साधावे?

सत्तेतील पक्ष आणि करदात्याचे मन :

अडचण अशी की, विवरणपत्रात पक्ष लिहावयाचा नसतो. अध्यक्षीय निवडणूक निधीसाठी तीन डॉलर वळते करावेत काय, अशी एक चौकट त्यावर आहे, पण तीही कोणत्या एका पक्षासाठी नाही. दुसरीकडे, निक्सन यांच्या काळातील गैरप्रकारांनंतर १९७६ च्या कायद्याने विवरणपत्रांची गोपनीयता कडक केली. त्यामुळे व्यक्तीचा पक्ष व तिचा कर एकत्र पाहण्याचा सरळ मार्ग नाही.

ज्युली बेरी कलन, निकोलस टर्नर व एबोन्या वॉशिंग्टन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी यातून काढलेली वाट कल्पक आहे. त्यांचा निबंध २०२१ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक जर्नल : इकॉनॉमिक पॉलिसी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी व्यक्तीऐवजी कौंटी हे एकक घेतले. काही कौंट्या पिढ्यान्पिढ्या एका पक्षाला मत देतात. अध्यक्ष कोण होणार हे मात्र मोजक्या अनिश्चित राज्यांत ठरते. २००० ची निवडणूक फ्लोरिडातील ५३७ मतांनी निकालात निघाली, हे सर्वांना स्मरत असेल. त्या ५३७ मतांमुळे दूरवरच्या एखाद्या पक्क्या रिपब्लिकन कौंटीतील सुतार, शेतकरी, दुकानदार एका रात्रीत 'विरोधी अध्यक्षाच्या प्रजेतून' 'आपल्या अध्यक्षाच्या प्रजेत' आले. त्यांचा व्यवसाय, शेजार, स्वभाव काहीही बदलले नव्हते. २००८ मध्ये उलट झाले आणि पक्क्या डेमोक्रॅटिक कौंट्या 'आपल्या' झाल्या. प्रयोगशाळेत जे करता येत नाही ते निवडणुकीने करून दिले.

सर्वेक्षणांच्या आधारे त्यांनी प्रथम दाखविले की, अध्यक्ष आपल्या पक्षाचा असला की नागरिकाचा शासनावरील विश्वास वाढतो आणि कर व खर्च यांविषयीचे मतही अनुकूल होते. त्यानंतर महसूल सेवेच्या आकडेवारीवरून असे आढळले की, कौंटी अध्यक्षाच्या पक्षाशी जुळली की तेथील घोषित करपात्र उत्पन्न वाढते आणि ही वाढ मुख्यतः त्या प्रकारच्या उत्पन्नात होते जे दडविणे सोपे असते. अल्प उत्पन्न गटातील कामकऱ्यांना मिळणाऱ्या 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट' या सवलतीच्या मागण्यांपैकी ज्यांवर संशय घेता येईल अशा मागण्या कमी होतात. तपासणीचे प्रमाणही घटते.

येथे शंका येणे स्वाभाविक आहे. आपले सरकार आल्याच्या उत्साहात लोक अधिक गुंतवणूक व अधिक काम करीत असतील आणि त्यामुळे उत्पन्नच खरोखर वाढत असेल तर? या शंकेचे उत्तर 'मुख्यतः' या शब्दात आहे. उत्पन्न खरोखर वाढले असते तर ते वेतनातही तसेच दिसले असते. वाढ जर दडविता येण्याजोग्या खान्यांत एकवटली असेल, तर बदलली ती कमाई नव्हे, कमाईची कबुली. दुसरी शंका अशी : सरकार विरोधी पक्षाचे असताना नागरिकाला तपासणीचे भय अधिक वाटावयास हवे, म्हणजे त्याने अधिक सावधपणे व प्रामाणिकपणे कर भरावयास हवा. निष्कर्ष नेमका याच्या उलट आहे. भयापेक्षा दुराव्याचा परिणाम अधिक ठरला, असा याचा अर्थ प्रस्तुत लेखकास वाटतो. ज्या सरकारला आपण आपले मानत नाही त्याला पैसे कमी दिले, यात करदात्याला चोरीची बोचणी कमी लागत असावी.

या अभ्यासाच्या मर्यादा आहेत. कौंटी म्हणजे व्यक्ती नव्हे. तेथे अल्पसंख्य असलेल्या दुसऱ्या पक्षाच्या मतदारांनी काय केले हे यातून कळत नाही. परिणामही सीमांत आहे; १ आणि ५५ टक्क्यांमधील दरीपुढे तो लहानच. तरीही निष्कर्षाचे महत्त्व त्याच्या सममितीत आहे. कोणताही एक पक्ष येथे अधिक अप्रामाणिक ठरत नाही. सत्ता बदलली की प्रामाणिकपणाची बाजू बदलते. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अधिक नेमके उत्तर द्यावयाचे तर ते असे की, 'जो पक्ष हरला आहे त्याचे.'

तपासणी कोणाची होते? :

पक्षीय वादात आणखी एक पुरावा वारंवार पुढे केला जातो, तो म्हणजे कोणत्या भागात महसूल सेवेच्या तपासण्या अधिक होतात. हा पुरावा फार जपून वापरावयास हवा. २०१९ मध्ये 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेने महसूल सेवेच्या एका माजी अर्थशास्त्रज्ञाच्या अभ्यासाआधारे दाखविले की, देशात तपासणीचे प्रमाण सर्वाधिक असलेली कौंटी मिसिसिपी राज्यातील हम्फ्रीज ही आहे. ही गरीब, ग्रामीण व कृष्णवर्णीय बहुसंख्येची कौंटी डेमोक्रॅटिक पक्षाला मत देते. कारण इतकेच की, तेथील निम्म्याहून अधिक करदाते वर उल्लेखिलेल्या सवलतीसाठी अर्ज करतात आणि त्या सवलतीच्या तपासण्या टपालाने, अल्प खर्चात उरकता येतात. धनाढ्याच्या गुंतागुंतीच्या विवरणपत्राला अनुभवी अधिकाऱ्याचे कित्येक दिवस लागतात. जानेवारी २०२३ मधील एका अभ्यासात कृष्णवर्णीय करदात्यांची तपासणी इतरांच्या तुलनेत साधारणतः तीन ते पाचपट होते असे आढळले व त्याच वर्षी महसूल सेवेच्या आयुक्तांनी हा फरक मान्य केला. विवरणपत्रात पक्षाप्रमाणेच वंशाचाही रकाना नाही. तरी फरक पडला, कारण निवडीचे सूत्र सोप्या प्रकरणांकडे झुकलेले होते. सापडलेल्यांच्या संख्येवरून चुकविणाऱ्यांची संख्या काढणे किती फसवे आहे, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

महसूल यंत्रणा आणि पक्षीय वाद :

सत्तेविषयीच्या दुराव्याने चुकवेगिरी वाढत असेल, तर कर गोळा करणारी यंत्रणा पक्षनिरपेक्ष आहे असा विश्वास दोन्ही बाजूंना वाटणे अत्यावश्यक ठरते. अमेरिकेत नेमका हाच विश्वास वारंवार डळमळला. १९७२ मध्ये निक्सन यांच्या कार्यालयातून विरोधकांच्या नावांची यादी महसूल सेवेकडे पाठविण्यात आली होती. आयुक्त जॉनी वॉल्टर्स यांनी तीवर कारवाई करण्यास नकार दिला. १९९८ च्या कायद्याने अध्यक्ष, उपाध्यक्ष व त्यांच्या कार्यालयातील व्यक्तींनी विशिष्ट करदात्याच्या तपासणीसाठी सांगणे हा गुन्हा ठरविला. तरीही मे २०१३ मध्ये महानिरीक्षकांच्या अहवालातून असे बाहेर आले की, करमुक्त दर्जासाठी आलेले अर्ज 'टी पार्टी'सारखे शब्द पाहून वेगळे काढले जात होते. रिपब्लिकन पक्षीयांना हा उघड पक्षपात वाटला. २०१७ मध्ये त्याच कार्यालयाच्या दुसऱ्या अहवालात डावीकडे झुकलेल्या संघटनांचेही अर्ज नावांवरून बाजूला काढले गेल्याचे नमूद झाले, परंतु तोवर मते बनून गेली होती.

या अविश्वासाची किंमत यंत्रणेने मोजली. २०१० नंतर महसूल सेवेच्या अंदाजपत्रकात कपात होत गेली. व्यक्तिगत विवरणपत्रांपैकी तपासल्या जाणाऱ्यांचे प्रमाण वित्तीय वर्ष २०१० मधील सुमारे १.१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ०.४५ टक्क्यांवर आले. २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने एकाही रिपब्लिकन मताविना संमत केलेल्या कायद्याने दहा वर्षांसाठी सुमारे ८० अब्ज डॉलरची जादा तरतूद केली. पुढील वर्षापासूनच ती काढून घेण्यास सुरुवात झाली. २०२५ मध्ये तर काही महिन्यांतच महसूल सेवेचे सुमारे एक चतुर्थांश मनुष्यबळ कमी झाले. करचुकवेगिरीविरुद्धची कारवाई ही रस्तेदुरुस्तीसारखी सर्वमान्य बाब न राहता एका पक्षाचा कार्यक्रम व दुसऱ्या पक्षाची तक्रार बनली आहे.

याच काळात उच्चपदस्थांच्या प्रकरणांचे निकाल न्यायालयाऐवजी क्षमादानाने लागू लागले, याचीही नोंद घेतली पाहिजे. अध्यक्ष जो बायडन यांचे पुत्र हंटर बायडन यांनी किमान १४ लाख डॉलर कर न भरल्याच्या प्रकरणात सप्टेंबर २०२४ मध्ये दोष मान्य केला. १ डिसेंबर २०२४ रोजी पित्याने त्यांना क्षमा दिली. आपल्या उपाहारगृहाचे उत्पन्न व कामगारांचे वेतन दडविल्याबद्दल २०१४ मध्ये दोष मान्य केलेले रिपब्लिकन प्रतिनिधी मायकेल ग्रिम यांना मे २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी क्षमा दिली. दोन्ही प्रकरणे पुन्हा त्याच चौथ्या गटातील, म्हणजे कोणी परस्पर कर न कापणाऱ्या उत्पन्नाची व रोखीच्या व्यवहाराची.

२०२० आणि २०२४ या लागोपाठच्या दोन निवडणुकांत सत्ता दोनदा पालटली. म्हणजे पक्क्या कौंट्यांची बाजू चार वर्षांच्या अंतराने दोनदा बदलली आणि दुसऱ्या खेपेस तपासणीची यंत्रणाही सोबतच आक्रसली. पूर्वीच्या अभ्यासात तपासणीचे भय जवळजवळ स्थिर धरता येत होते. आता दुरावा व संधी ही दोन्ही एकाच वेळी हललेली आहेत. या वर्षांची कौंटीनिहाय विवरणे अभ्यासकांच्या हाती येतील तेव्हा जिंकलेल्या पक्षाच्या कौंट्यांतील सुतार व दुकानदार यांनी स्वतःहून घोषित केलेले उत्पन्न वाढलेले दिसते की नाही, हे प्रथम पाहावे लागेल.